हरकती-सूचना मागवल्यात, पण पाठवतं कोण?

कुठल्याही देशाने परदेशी स्टीलवर नाहीतर इलेक्ट्रिक गाड्यांवर डम्पिंगविरोधी किंवा सबसिडीविरोधी ड्युटी (आयातीवरचा जादा कर) लावली की दोन-चार दिवस त्याचीच चर्चा चालते, कोण जिंकलं, कोण हरलं, माल महागणार का, समोरचा देश आता काय करणार वगैरे. पण ती ड्युटी ७ टक्के निघणार का ३५ टक्के हे ज्या नियमांवरून ठरतं त्या नियमांचा मसुदा जेव्हा हरकती-सूचनांसाठी बाहेर पडतो ना, तेव्हा मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. लांबलचक पीडीएफ, भाषा अशी की दुसऱ्याच पानावर डुलकी लागावी, आणि शेवटी एक ईमेल आयडी आणि एक तारीख. त्या तारखेपर्यंत लिहितं कोण तर ड्युटी मागणाऱ्या मोठ्या इंडस्ट्रीच्या असोसिएशन्स, त्यांचे वकील, आणि पलीकडून एखाद-दुसरं परदेशी सरकार. झालं. शेवटी ज्यांच्या खिशातून ती ड्युटी जाते ते लोक त्या यादीत शोधून सापडत नाहीत.

मी मूळचा कॉस्टिंगवाला. ड्युटी मागणाऱ्यांच्या फाइली पण केल्यात आणि ड्युटीविरुद्ध भांडणाऱ्यांच्या पण, त्यामुळे दोन्हीकडचं रडगाणं पाठ आहे. आणि माझं मत विचाराल तर केस लागल्यावर जी धावपळ होते ती बहुतेक वेळा वरातीमागून घोडं. अर्धा निकाल नियम लिहितानाच लागलेला असतो. म्हणून हा लांबलचक लेख, कंटाळा आला तर मधले परिच्छेद सोडा पण चांदण्यांचा भाग वाचा, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी थोडक्यात बेसिक. स्वस्तात विकणं म्हणजे डम्पिंग नाही, हे लोकांना पटतच नाही. कंपनी आपल्या स्वतःच्या देशात जो माल १०० ला विकते तोच परदेशात ८० ला विकत असेल तर ते डम्पिंग, मग ८० हा भाव तिथल्या बाजारात महाग का असेना. घरच्या बाजारातल्या त्या भावाला नॉर्मल व्हॅल्यू म्हणतात. सबसिडीचं प्रकरण वेगळं, तिथे आरोपी कंपनी नसून तिचं सरकार असतं, त्याने स्वस्त कर्ज दिलं, फुकटात जमीन दिली, करमाफी दिली आणि तीही सरसकट सगळ्यांना नाही तर ठराविक उद्योगांना दिली, तर आयात करणारा देश काउंटरव्हेलिंग ड्युटी लावू शकतो. दोन्हीकडे नुसतं डम्पिंग किंवा नुसती सबसिडी सिद्ध करून भागत नाही, त्यामुळे इथल्या उद्योगाचं नुकसान झालं आणि ते त्याचमुळे झालं हे पण दाखवावं लागतं.

कायदा जुना आहे. पहिला कॅनडाने १९०४ मध्ये केला, मग १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात कलम ६ आलं, आणि आज सगळे देश ज्याच्या चौकटीत नियम करतात ते डब्ल्यूटीओचे (जागतिक व्यापार संघटनेचे) दोन करार १९९५ पासूनचे, एक अँटी-डम्पिंगचा आणि एक सबसिडीचा. भारताचे नियमही त्याच १९९५ सालचे, कस्टम्स टॅरिफ अ‍ॅक्ट १९७५ खाली केलेले. पण गंमत अशी आहे की हे करार म्हणजे नुसती चौकट. आतमध्ये काय भरायचं हे प्रत्येक देश आपापल्या नियमांत, मॅन्युअलमध्ये, परिपत्रकात ठरवतो. आणि बाजी तिथेच पलटते.

एक उदाहरण घेऊ म्हणजे मी उगाच बोंब मारत नाहीये हे कळेल. समजा एका कंपनीचे दोन मॉडेल आहेत, दोघांची घरच्या बाजारातली किंमत १००. पहिलं मॉडेल परदेशात ९० ला गेलं, दुसरं ११० ला. एकावर १० चं डम्पिंग, दुसऱ्यावर उणे १०, बेरीज शून्य, केस संपली. आता दुसरी पद्धत बघा. जिथे आकडा उणे येतो तिथे तो उणे न धरता शून्य धरायचा. मग डम्पिंग १०, एकूण निर्यात २००, म्हणजे डम्पिंगचं मार्जिन, म्हणजेच प्रमाण, ५ टक्के. करारात २ टक्क्यांपेक्षा कमी मार्जिन असेल तर केस बंद करा असं लिहिलंय, म्हणजे त्याच कंपनीची तीच विक्री, एका पद्धतीने सुटका आणि दुसऱ्या पद्धतीने ५ टक्के ड्युटी. एक पैशाचाही व्यवहार बदललेला नाही.

याला झीरोइंग म्हणतात आणि हे काल्पनिक नाही. युरोपने १९९७ मध्ये भारत, पाकिस्तान आणि इजिप्तच्या सुती बेड लिननवर ड्युटी लावली होती, त्यात हीच पद्धत होती. भारत डब्ल्यूटीओमध्ये गेला आणि मार्च २००१ मध्ये तिथल्या अपिलेट बॉडीने (अपील ऐकणाऱ्या मंडळाने) सांगितलं की हे चालणार नाही. चादरी-उशांच्या अभ्र्यांची केस, पण पुढे जगभर तिचा दाखला दिला गेला. अमेरिका मात्र बरीच वर्षं अडून बसली, एकामागून एक केस हरली, आणि वार्षिक रिव्ह्यूमधली झीरोइंग शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये सोडली, ती पण कशी, तर आधी बदलाचा प्रस्ताव प्रसिद्ध करून, त्यावर लोकांच्या कमेंट्स मागवून. म्हणजे दहा वर्षं कोर्टबाजी झाली तरी शेवटचं पाऊल याच कंटाळवाण्या वाटेने पडलं. (काही खास परिस्थितीत ती पद्धत वापरायची फट त्यांनी ठेवलीच, पण तो विषय काढला तर हा लेख उद्यापर्यंत संपणार नाही.)

तर मसुदा हातात आला की मी पहिल्यांदा बघतो तुलना कशी करणार ते. झीरोइंग तर आहेच पण त्याहून रोजची डोकेदुखी म्हणजे पीसीएन. एकाच मालाच्या शंभर जाती असतात, त्यांना कोड द्यायचा आणि सारख्या कोडची सारख्या कोडशी तुलना करायची. कोटेड स्टीलच्या शीटचं घ्या. जाडी, रुंदी, कोटिंगचं वजन, ग्रेड, रंग, या प्रत्येकाने किंमत बदलते. कोडमध्ये कोटिंगचं वजन घेतलंच नाही तर पातळ कोटिंगचा स्वस्त माल जाड कोटिंगच्या महाग मालाशी तोलला जाणार, आणि तो फरक डम्पिंग म्हणून निघणार. कंपनीने एक पैसा कमी घेतलेला नसताना! त्यामुळे पीसीएन कधी ठरणार, त्यावर बोलायला किती दिवस मिळणार, आणि कंपन्यांना माहितीची प्रश्नावली पाठवल्यानंतर तो बदलता येणार का, हे नियमात स्पष्ट पाहिजे. कितीतरी देशांत हे नियमात नसतंच, अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं, आणि अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. करार म्हणतो प्रश्नावलीचं उत्तर द्यायला किमान ३० दिवस द्या, परदेशी कंपनीला ते प्रश्नावली मिळाल्यापासून मोजायचे आणि पाठवल्यावर एका आठवड्याने मिळाली असं धरायचं, म्हणजे ३७. ऐकायला भरपूर वाटतात. प्रश्नावलीत काय असतं सांगू? तपासाच्या कालावधीतलं, म्हणजे साधारण वर्षभराचं, प्रत्येक इन्व्हॉइस ओळीनुसार. भाडं, विमा, पॅकिंग, कमिशन, क्रेडिटचे दिवस, प्रत्येक ओळीला वेगळे. मग प्रत्येक पीसीएनचा उत्पादनखर्च, तोही ऑडिट झालेल्या ताळेबंदाशी जुळवून. ज्या कंपनीत ईआरपी (हिशोबाचं सॉफ्टवेअर) नीट आहे ती करते कसंबसं. जिथे दोन अकाउंटंट आणि एक्सेल आहे तिथे लोक रात्री दोनला मेसेज करतात, सर हे क्रेडिट कॉस्ट म्हणजे नेमकं कुठला व्याजदर धरू.

आणि वेळेत नाही दिलं, किंवा दिलं पण जुळलं नाही, तर उपलब्ध माहितीवर निकाल. उपलब्ध माहिती कोणाची? बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्याची. युरोपने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सबसिडीविरोधी ड्युटी कायम केली त्याचे आकडे बघा. टेस्लाला ७.८ टक्के, बीवायडीला १७, जीलीला १८.८, तपासासाठी निवडलेल्या नमुन्यात नसलेल्या पण सहकार्य केलेल्या कंपन्यांना २०.७, आणि सहकार्य न करणाऱ्यांना ३५.३, हे सगळं नेहमीच्या १० टक्के कस्टम ड्युटीच्या वर. टेस्लाने आमचा हिशोब वेगळा करा म्हणून मागणी केली होती आणि तो झाला. एकाच देशातून येणाऱ्या गाड्या, आणि ड्युटीत एवढी दरी. तिच्यातला बराच भाग कागदपत्रं कोणी दिली आणि कोणाचा हिशोब स्वतंत्र झाला यावरून पडलेला आहे.

सबसिडीच्या केसमध्ये तर आणखी एक त्रांगडं आहे. प्रश्नावली कंपनीला जाते तशी तिच्या सरकारला पण जाते, आणि सरकारने एखाद्या योजनेबद्दल तोंड उघडलं नाही तर शिक्षा कंपनीला. अमेरिकेत चीनच्या एक्स्पोर्ट बायर्स क्रेडिट योजनेवरून (चिनी माल घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाईकाला कर्ज) हे वर्षानुवर्षं चाललं. कंपन्या म्हणाल्या आमच्या गिऱ्हाईकांनी हे कर्ज घेतलेलंच नाही, त्यांची पत्रं जोडली, तरी सरकारने योजनेची पूर्ण माहिती दिली नाही म्हणून कॉमर्स डिपार्टमेंटने कर्ज घेतलंय असं धरून आकडा लावला, आणि तिथल्या ट्रेड कोर्टाने अशा केसेस पुन्हा पुन्हा परत पाठवल्या. नियमात एक वाक्य असतं तर हे वाचलं असतं की सरकार गप्प बसलं तरी कंपनीने दिलेली माहिती तपासता येत असेल तर आधी ती तपासायची. मसुद्यात असं वाक्य आहे का बघा, नसेल तर मागा.

बाकी सबसिडीच्या बाजूचं फार लांबवत नाही. तिथे केस सुरू करायच्या आधी समोरच्या सरकारला चर्चेला बोलवावं लागतं (डम्पिंगमध्ये तसं नाही), आणि मार्जिन १ टक्क्याखाली असेल तर केस बंद, विकसनशील देशांसाठी २. एक गोष्ट मात्र तपासायची, एकाच मालावर दोन्ही ड्युट्या लागल्या तर एकच सबसिडी दोनदा तर मोजली जात नाहीये ना. यावरून चीन २०११ मध्ये अमेरिकेविरुद्ध जिंकलाय.

आता चांदण्या, म्हणजे आकडा लपवायला त्याच्या जागी टाकतात ती *** खूण.

या तपासात प्रत्येक जण दोन प्रती देतो. एक गोपनीय, फक्त अधिकाऱ्यांसाठी, आणि एक सगळ्यांसाठी, जिला आमच्याकडे एनसीव्ही म्हणतात. गोपनीयता हवीच, आपला खर्च स्पर्धकाला कोण दाखवेल. पण करारात असंही आहे की एनसीव्हीमधला सारांश इतपत तपशिलात पाहिजे की वाचणाऱ्याला मूळ माहितीचा गाभा समजावा. प्रत्यक्षात उघडा एखादी एनसीव्ही. विक्री, चांदणी चांदणी चांदणी. उत्पादन, तीन चांदण्या. नफा, तीन चांदण्या. साठा, तीन चांदण्या. खाली मजकूर, की वरील तक्त्यावरून स्पष्ट दिसते की अर्जदाराची (म्हणजे ड्युटी मागणाऱ्याची) स्थिती खालावली आहे. अहो कुठून दिसते! चांगल्या घरची एनसीव्ही असली तर पहिलं वर्ष १०० धरून पुढचे आकडे देतात, १००, १०७, ९३, ८८ असे (हेच निर्देशांक), त्यातून निदान दिशा कळते. नफा पडला पण त्याच वर्षी विक्री वाढली, म्हणजे भानगड दुसरीकडे कुठेतरी आहे, नवीन प्लांटचा घसारा असेल, कच्चा माल महागला असेल, असं काहीतरी विरुद्ध बाजूचा माणूस विचारू तरी शकतो. चांदण्यांना काय विचारणार?

एका केसमध्ये मी वापरकर्त्या कंपन्यांच्या बाजूला होतो, आणि आम्हाला मिळालेल्या प्रतीत नुकसानीचा पूर्ण भाग असाच आकाशदर्शन होता. हरकत घेतली. सुनावणीत समोरून उत्तर आलं की माहिती गोपनीय आहे कारण ती गोपनीय आहे, म्हणजे शब्द वेगळे होते पण अर्थ एवढाच. निर्देशांकासह प्रत मिळाली तेव्हा लेखी म्हणणं द्यायला जेमतेम आठवडा उरला होता, आणि त्या आठवड्यात आम्हाला दिसलं की अर्जदाराची आपल्याच देशातली स्पर्धक कंपनी क्षमता वाढवून बसली होती आणि भाव पडायला सुरुवात आयात वाढायच्या आधी झाली होती. मांडलं घाईघाईने. अंतिम अहवालात त्यावर चार ओळी आल्या.

त्यामुळे नियमांवर मत मागवलं की माझी पहिली हरकत कायम हीच असते. निर्देशांक देणं सक्तीचं करा, आकडा एकाच कंपनीचा असला तरी. गोपनीयतेचं कारण ओळीनुसार लिहायला लावा. आणि योग्य एनसीव्ही दिल्याशिवाय ती माहिती विचारात घेऊ नका, आणि तोपर्यंत समोरच्याची मुदत सुरू करू नका. हा शेवटचा मुद्दा ड्युटी मागणाऱ्यांना झोंबतो, पण परदेशी कंपनीची एनसीव्ही पण तितकीच चांदण्यांची असते, तेव्हा तेच लोक माझ्याकडे येऊन ओरडतात. नियम दोघांनाही लागू झाला की तक्रार मिटली. अमेरिकेत तर बाजू मांडणाऱ्या वकिलांना शपथेवर गोपनीय आकडे बघायला मिळतात, अशिलाला सांगायचे नाहीत या अटीवर. कॅनडातही तशी सोय आहे. सगळीकडे ते जमेल असं नाही, पण निदान विचारायला काय हरकत आहे?

आता वापरकर्त्यांचं. करारात ६.१२ नावाचं कलम आहे, त्यात लिहिलंय की माल वापरणाऱ्या उद्योगांना आणि, माल किरकोळीत विकला जात असेल तर, ग्राहक संघटनांना आपली माहिती द्यायची संधी द्या. संधी द्या, एवढंच. त्या माहितीचं पुढे काय करायचं हे करार सांगत नाही. युरोपमध्ये ड्युटी युरोपियन युनियनच्या हिताची आहे का हे तपासणं कायद्यातच आहे, ब्रिटनच्या कायद्यात आर्थिक हिताची चाचणी आहे, ती तिथली २०२१ मध्ये सुरू झालेली ट्रेड रेमेडीज अथॉरिटी करते, कॅनडात सार्वजनिक हिताची वेगळी चौकशी होऊ शकते. अमेरिकेच्या कायद्यात असं काही नाही, डम्पिंग आणि नुकसान सिद्ध झालं की ड्युटी.

आणि तपासात ऐकून घेतलं नाही की लोक दुसऱ्या दाराने जातात. भारतात पीटीएचं काय झालं आठवा. पीटीए म्हणजे पॉलिस्टरचा कच्चा माल. त्यावरची अँटी-डम्पिंग ड्युटी फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी सार्वजनिक हिताचं कारण देऊन काढून टाकली. पुढच्या वर्षी व्हिस्कोस स्टेपल फायबरवरची (कापडाचा आणखी एक कच्चा माल) पण गेली. भारतात तपास आणि शिफारस डीजीटीआर (वाणिज्य मंत्रालयाखालचा विभाग) करतं आणि निर्णय अर्थ मंत्रालयाचा असतो, त्यामुळे हे कायद्यात बसतं, त्याबद्दल तक्रार नाही, आणि कापडवाल्यांच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता असं मला वाटतं. पण बघा ना, एकीकडे वर्षभर तपास, हजारो पानं, सुनावण्या, आणि खरा प्रश्न, की कच्च्या मालाच्या मोजक्या उत्पादकांना वाचवायचं का पुढच्या हजारो लूमवाल्यांना, तो तपासाच्या बाहेर सुटतो. तो तपासाच्या आत, आकड्यांसकट, सगळ्यांसमोर का सुटू नये? अर्जदाराचं पण यात भलं आहे, शिफारस मिळाल्यावर मंत्रालयात अडकली की तो पण लटकतोच.

लहान वापरकर्ता का येत नाही याचं कारण आळस नाहीये. त्याला प्रश्नावली कळत नाही, वकिलाची फी परवडत नाही, आणि मुख्य म्हणजे ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो अर्जदारच त्याचा रोजचा सप्लायर असतो. उद्या माल बंद केला तर? म्हणून दोन पानांचा सोपा फॉर्म आणि नाव गुप्त ठेवायची मुभा, या दोन गोष्टी नियमांत आल्या तर फरक पडेल.

लेसर ड्युटीवर थोडं जास्त बोलावं लागेल कारण पैसा तिथे आहे. समजा डम्पिंगचं मार्जिन ४० टक्के निघालं. पण आयात माल बंदरात ८५ ला उतरतोय आणि इथल्या उद्योगाला १०० मिळाले तर त्याचं नुकसान भरून निघतं. म्हणजे गरज १५ ची, ८५ वर साधारण साडेसतरा टक्के. लेसर ड्युटीचा नियम म्हणतो दोन्हीतलं जे कमी ते लावा. करारात हे इष्ट म्हटलंय, सक्तीचं नाही. भारतात आहे. अमेरिकेत नाही. युरोपमध्ये होतं आणि यावरूनच केवढं रामायण झालं! युरोपियन कमिशनने २०१२ मध्ये आपल्या व्यापार-संरक्षणाच्या नियमांवर सार्वजनिक मतं मागवली, २०१३ मध्ये प्रस्ताव मांडला, काही बाबतीत हा नियम लावायचा नाही असं त्यात होतं, आणि देशांमध्ये दोन तट पडले. प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून राहिला, मध्ये स्वस्त चिनी स्टीलचा लोंढा आला, वारं फिरलं, आणि २०१८ मध्ये सुधारित नियम लागू झाले. आता तिथे सबसिडीच्या केसमध्ये सहसा पूर्ण ड्युटी लागते, आणि कच्च्या मालाच्या किमती सरकारने वाकवलेल्या असतील तर डम्पिंगमध्ये पण लागू शकते. शिवाय तात्पुरती ड्युटी लावायची मुदत नऊ महिन्यांवरून सर्वसाधारणपणे सातवर आणली. २०१२ मध्ये कोणी काय लिहून पाठवलं होतं याचा परिणाम दिसायला सहा वर्षं गेली, पण दिसला.

मात्र नियम आहे का नाही एवढंच बघून थांबू नका, तो १०० आकडा कसा काढतात ते बघा. इथल्या उद्योगाला मिळायला हवी ती किंमत म्हणजे खर्च अधिक वाजवी नफा. वाजवी म्हणजे किती हो? युरोपने २०१८ पासून किमान ६ टक्के नफा धरायचा असं कायद्यात घातलं. भारतात नियमात गुंतवलेल्या भांडवलावर वाजवी परतावा एवढंच आहे आणि प्रत्यक्षात वर्षानुवर्षं २२ टक्के धरत आलेत. उद्योग कुठला, व्याजदर काय चाललेत, बाजार तेजीत का मंदीत, काहीही असो, २२. कोणी म्हणेल एकच आकडा असला की वाद कमी होतात, आणि त्यात तथ्य आहे, मी स्वतः अर्जदाराच्या बाजूने काम करताना त्या आकड्याला दुवा दिलाय. पण बँकेत ठेवीवर जे मिळतं त्याच्या कितीतरी पट परतावा हमखास धरून लेसर ड्युटी काढली की ती कितीशी लेसर राहते? हा आकडा नियमात लिहा, कारणासकट लिहा, आणि ठराविक वर्षांनी तपासा, ही मागणी कुठल्याही बाजूच्या माणसाने करावी अशी आहे.

एक भलतंच उदाहरण सांगायचं राहिलं. अमेरिकेने २००० मध्ये बर्ड अमेंडमेंट म्हणून कायदा केला होता, जमा झालेली ड्युटी सरळ तक्रार करणाऱ्या कंपन्यांनाच वाटायची. आधी स्पर्धकाचा माल महाग करा आणि वर त्याचेच पैसे घ्या. २००३ मध्ये डब्ल्यूटीओत हरले, २००६ मध्ये कायदा रद्द केला, आणि वाटप त्यानंतरही ऑक्टोबर २००७ च्या आधीच्या आयातीसाठी चालूच राहिलं. आता कोणी असलं काही मांडेल असं वाटत नाही, पण अर्जदाराला मिळणारं प्रोत्साहन या अंगाने मसुदा वाचायची सवय मला तिथूनच लागली.

लिहायचं कसं म्हणाल तर भाषण नको. स्वदेशी उद्योग वाचला पाहिजे किंवा मुक्त व्यापार चिरायू होवो असल्या पत्रांचा तिथे ढीग असतो आणि तो ढीगच राहतो. कलमाचा नंबर, आत्ताचा मजकूर, तुम्हाला हवा तो मजकूर, आणि एक खरं उदाहरण की यामुळे आम्हाला काय झालं. एका कलमाला एक परिच्छेद. अधिकाऱ्याला तो उचलून टिपणीत घालता आला पाहिजे, तो पण माणूस आहे, त्यालाही संध्याकाळी घरी जायचंय.

नमुना म्हणून सनसेट रिव्ह्यूवर (मुदत संपताना ड्युटी पुढे चालू ठेवायची का याचा तपास) मी जे देतो ते सांगतो. ड्युटी पाच वर्षांत संपली पाहिजे, पण संपायच्या आधी रिव्ह्यू सुरू झाला तर रिव्ह्यू चालू असेपर्यंत ती चालू ठेवता येते, भारतात आणखी एक वर्षापर्यंत. म्हणजे अर्ज शेवटच्या क्षणी टाकायचा आणि वर्ष फुकट मिळवायचं, हे सगळ्यांना माहितीये. माझा मजकूर असा: मुदत संपण्याच्या किमान इतके महिने आधी अर्ज आला नाही तर ड्युटी आपोआप संपेल, आणि रिव्ह्यूच्या शेवटी ड्युटीची गरज नव्हती असं ठरलं तर मूळ मुदतीनंतर घेतलेली रक्कम आयातदाराला परत मिळेल. पहिला भाग कधीतरी कोणीतरी मान्य करेल असं वाटतं, दुसऱ्याला अर्थ मंत्रालयं कुठल्याही देशात हात लावत नाहीत, परताव्याचं नाव काढलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. तरी मी दोन्ही पाठवतो, वेगवेगळे परिच्छेद करून, म्हणजे दुसरा कापला तरी पहिला शाबूत राहतो.